पुसट सही

दुबईच्या अल क्वोज भागातल्या आमच्या वर्कशॉपमधून किती उंट बाहेर पडले, ते आता मलाही सांगता यायचं नाही. उभे उंट, बसलेले उंट, पिल्लाला चाटणारी उंटीण, सगळं फायबरग्लासचं. मॉलच्या दारात, हॉटेलच्या लॉबीत, एका पेट्रोल पंपावर तर चक्क हवा भरायच्या पाइपाशेजारी. खरे उंट शहराबाहेर अर्ध्या तासावर चरत असायचे, पण दुबईला हौस आमच्या उंटांची. मी पेणचा, गणपती करणाऱ्या घरातला. पहिल्या उंटाचा फोटो वडिलांना पाठवला तेव्हा त्यांचं पत्र आलं. खुशाली वगैरे काही नाही, एवढंच लिहिलेलं: "मान जरा आखूड झाली आहे."

झाली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यांना पोस्टकार्डाएवढ्या फोटोत दिसलं.

उंटांशिवाय आम्ही छताच्या प्लास्टरच्या पट्ट्या करायचो, कारंजी, खांब, जाळ्या, पितळेच्या मुठी. गिऱ्हाईक सांगेल ते. एका लग्नाच्या हॉलवाल्याला दारात सिंह हवे होते, पण पाहुण्यांची मुलं घाबरून रडता कामा नयेत. मी सिंहांना गालातल्या गालात हसवलं. पुढे कितीतरी वर्षं ते तिथे कारंज्यापाशी हसत बसले होते. दुसऱ्या एकानं कारंज्यासाठी मासे मागितले आणि वर सांगितलं, "फिश शुड लुक रिच." श्रीमंत मासा कसा दिसतो यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी त्याला थोडं पोट दिलं, गिऱ्हाईक खूश झालं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, साचा केला, ओतलं, काढलं, झालं. खरं काम त्यानंतरचं असतं. साच्याचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे मूर्तीवर एक कड उठते, ती घासायची. बुडबुड्यांची भोकं बुजवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बसलेली नक्षी उघडायची. साचा जुना झाला की त्यातले बारकावे बोथट होतात. मुकुटावरची वेलबुट्टी, बोटांमधल्या फटी, सोंडेवरच्या वळ्या, सगळं बसतं. मग कारागीर कोरणी घेऊन एकेक रेघ परत उघडतो. आमच्याकडे हे कोणी सांगावं लागत नाही. वडील म्हणायचे, "साच्यानं खाल्लेलं हातानं भरून द्यायचं. गिऱ्हाइकाला कळलं नाही तरी द्यायचं." गिऱ्हाइकाला कळत नसेच, पण मूर्ती घरी नेऊन पाटावर ठेवली की ती त्याला आवडायची, का ते त्याला सांगता यायचं नाही. मला या शिकवणुकीचा फार अभिमान होता. तिनंच मला एकदा तोंडघशी पाडलं, ती हकीकत सांगतो.

दोन हजार साल उलटून वर्षभर झालं असेल. मी तोवर वर्कशॉपमधला जुना माणूस झालो होतो. आमचे मॅनेजर इक्बालभाई, मूळचे श्रीवर्धनचे. घरी कोकणी, ऑफिसात इंग्रजी, मालकाशी अरबी आणि माझ्याशी मराठी. एके सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"प्रभाकर, ही वस्तू अल ऐनवरनं आलीय. सांभाळून हां. आपल्या उंटांसारखी नाही."

घोंगडी उलगडली. ब्राँझचा घोडेस्वार होता, हातभर उंच. अरब स्वार, घोडा मागच्या पायांवर जोर देऊन थबकलेला, स्वाराचा डगला वाऱ्यानं मागे उडालेला. उजवा हात खांद्यातून निखळून वेगळा पडला होता आणि त्या हाताच्या मुठीवर ससाणा बसलेला. घर बदलताना सामान हलवणाऱ्यांनी पाडला होता.

मी पुष्कळ मूर्ती पाहिल्यात, पण त्या घोड्याच्या कानांकडे बघून मला खुर्ची ओढून बसावं लागलं. एक कान पुढे, एक मागे. म्हणजे घोडा समोरचंही ऐकतोय आणि स्वाराचंही. ज्यानं केलं त्यानं घोड्यांच्यात दिवस काढले होते.

करणारा एकोणिसाव्या शतकातला एक फ्रेंच शिल्पकार. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या नावाला मी एकदा हात लावला आहे तेवढा पुरे.

मूर्ती उम्म राशिद नावाच्या बाईंची होती. राशिदची आई म्हणून उम्म राशिद, सगळे त्याच नावानं हाक मारायचे. त्यांचे यजमान उपचारासाठी पॅरिसला गेले होते. परत येताना औषधांच्या पिशव्यांबरोबर हा घोडेस्वार घेऊन आले आणि काही महिन्यांतच गेले. बारा वर्षं मूर्ती मजलिशीत, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, दर्शनी ठेवलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं जायचं की ही असली आहे, उस्तादानं स्वतः बसून ओतवून घेतलेली आहे. आता अल ऐनमध्ये एक छोटं प्रदर्शन भरणार होतं, युरोपातल्या कलावंतांनी अरब माणूस कसा दाखवला याचं. त्यात घोडेस्वार ठेवायचं ठरलं होतं. पाहणी करायला फ्रान्सहून एक जाणकार बाई येणार होत्या. त्याआधी हात बसवून हवा होता.

उम्म राशिदची धाकटी मुलगी मोझा कॉलेजात होती. तिनं सोबत एका पुस्तकातल्या पानाची रंगीत झेरॉक्स पाठवली होती. फ्रान्समधल्या एका संग्रहालयात अगदी हीच मूर्ती आहे, तिचा फोटो. हात कुठल्या कोनात होता ते कळावं म्हणून.

हात बसवायला दोन दिवस लागले. जुना जोड होता, आतली खीळ तुटली होती. नवी खीळ घातली, पितळेनं जोडलं, घासून रंग मिळवला. तिसऱ्या दिवशी मूर्ती स्वच्छ पुसून टेबलावर ठेवली आणि शेजारी तो फोटो ठेवला. आणि मला बसलेली नक्षी दिसायला लागली.

फोटोतल्या ससाण्याचं पीस न् पीस मोजून घ्यावं असं. आमच्या ससाण्याची पिसं आठवडाभर वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी झालेली. आयाळीच्या बटा एकमेकींत मिसळलेल्या. आणि खाली, घोड्याच्या मागच्या खुरापाशी, फोटोत एक वळणदार सही होती. आमच्याकडे तिथे नुसता मऊ उंचवटा. बोट फिरवलं तर काहीतरी लिहिलंय एवढं कळायचं.

मी फार विचार केला नाही, हेच सांगायचंय. हात आपोआप कोरणीकडे गेला. ससाण्याची पिसं उघडली, आयाळ उघडली आणि शेवटी फोटोत बघून बघून सही उघडली. ती इंग्रजी अक्षरं होती, पण माझ्या दृष्टीनं ती नक्षीच. गणपतीच्या पितांबराच्या काठासारखी. ताज्या कापाची चकाकी डोळ्यांत खुपते, म्हणून त्यावर औषध लावून काळपट केलं, मेण घासलं. काम असं उतरलं की मीच दोन पावलं मागे सरकून बघत राहिलो. जादा पैसे मागितले नाहीत, बिलात लिहिलंही नाही. इक्बालभाईंना सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मूर्ती पोचवायला ड्रायव्हरबरोबर मीच अल ऐनला गेलो. उम्म राशिद साठीच्या असतील. पूर्वी त्यांच्या यजमानांचं मुंबईला येणं-जाणं होतं, त्यामुळे तिकडचं तोडकंमोडकं हिंदी त्यांना यायचं. त्यांनी मूर्तीभोवती एक फेरी मारली.

"माशाल्ला, उस्ताद! ये तो जवान हो गया!"

मला उस्ताद म्हणणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या, आणि मी ड्रायव्हरला पेणच्या गोष्टी सांगत सुटलो. तो पेशावरचा होता. गणपतीचं त्याला काही कळत नव्हतं, पण माझी खुशी कळत असावी.

दहा-बारा दिवसांनी इक्बालभाईंच्या केबिनमध्ये मोझाचा फोन आला. मी कुठल्याशा ड्रॉइंगवर सही घ्यायला दारात उभा होतो.

"नो नो सिस्टर," इक्बालभाई म्हणत होते, "ओन्ली द आर्म वुई फिक्स. सिग्नेचर नोबडी टच. वल्लाह, नोबडी."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं असणार.

"तू हात लावलास काय रे सहीला?"

"लावला. बसली होती, म्हणून उघडून दिली."

"खलास," इक्बालभाई म्हणाले आणि डोकं धरून बसले.

मग त्यांनी मोझानं सांगितलेलं सगळं सांगितलं. फ्रेंच बाईंनी मूर्ती भिंगातून पाहिली, मापं घेतली. मूर्ती असली नाही. नकलेची नक्कल आहे, पण यात काही पाप नाही, अशा पुष्कळ आहेत. पाप वेगळंच आहे. सही अलीकडे कोरलेली आहे, वर ती जुनी दिसावी म्हणून काळी केलेली आहे. असं माणूस एकाच कारणासाठी करतो, खोटं खरं म्हणून खपवायला. बाईंनी प्रदर्शनात ठेवायला नकार दिला होता आणि अहवालात तसं लिहिणार होत्या. आणि उम्म राशिदच्या दिरानं चारचौघांत म्हणून टाकलं होतं की भावाला सगळं ठाऊक असणार, त्यानंच पॅरिसमध्ये करून घेतलं असेल. मेलेल्या माणसावर लबाडीचा शिक्का बसला होता, आणि तो मी मारला होता.

"मी जाऊन सांगतो, इक्बालभाई."

"काय सांगशील? मी आत्ता फोनवर वल्लाह म्हणून अल्लाची शपथ घेतलीय. मालकाला कळलं तर पहिला तुझा व्हिसा कॅन्सल. शेखलोकांच्या घरातली वस्तू आहे ती. गप ऱ्हा. चार दिवसांत इसरतील."

गप राहण्याला कारण होतं. पेणला बायको, दोन मुली शिकणाऱ्या. वडिलांचा कारखाना थोरल्या भावाकडे गेलेला, तिथे मला पाट टाकायलाही जागा नव्हती. परत जाऊन काय करणार होतो? मी चार दिवस गप राहिलो. कामावर येत होतो, पण हात ताळ्यावर नव्हता. त्या आठवड्यात एका उंटाचे पुढचे दोन पाय वेगवेगळ्या लांबीचे झाले. इक्बालभाई त्या उंटाकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"उद्या शुक्रवार," ते म्हणाले. "जुम्म्याची नमाज झाली की मी गाडी काढतो. एकटा गेलास तर तुला घर पण सापडायचं नाही, पत्ता विचारत फिरशील. आणि त्या उंटाचं काय ते कर, बाबा."

 अल ऐनच्या वेशीवरच्या खजुरीच्या बागा लागल्यावर म्हणाले, "कसम मी खाल्ली होती. मला पण सोडवायचीच होती ती."

मजलिशीत घोडेस्वार जागेवर नव्हता. कोपऱ्यात जमिनीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, शिक्षा केलेल्या पोरासारखा. उम्म राशिद समोर बसल्या. मी चहाला हात लावायच्या आधी सांगून टाकलं. हिंदीत, अडखळत. सही मी कोरली. तुमच्या यजमानांचा यात काही संबंध नाही. आमच्याकडे असंच करतात. मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी मोझाला काहीतरी सांगितलं, तिनं फोन केला. अर्ध्या तासानं फ्रेंच बाई आल्या. उंच, पांढरे केस कापलेले, गळ्यात दोरीला भिंग. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही आणि ते मला पटलं. नोकरमाणसाला पुढे करून घरची इज्जत वाचवतात, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं असणार. त्या मोझाला इंग्रजीत म्हणाल्या, "हाऊ डू आय नो धिस मॅन डिड इट?"

मी पिशवीतून कोरणी काढली आणि पितळेची एक पट्टी. दोन्ही घेऊनच गेलो होतो. मांडीवर पट्टी धरून त्याच सहीची पहिली तीन अक्षरं कोरली. रेघ संपवताना मी कोरणी सरळ उचलत नाही, जराशी उजवीकडे वळवून उचलतो. शाडूत काम करून लागलेली सवय आहे, कड उठू नये म्हणून. बाईंनी पट्टी घेतली, कोपऱ्यात जाऊन मूर्तीपाशी गुडघे टेकले. एकदा भिंग पट्टीवर, एकदा सहीवर. प्रत्येक रेघेच्या टोकाला उजवीकडे वळलेला तोच बारीक आकडा होता. त्या बऱ्याच वेळानं उठल्या.

"व्हाय?" त्यांनी मला विचारलं.

"मॅडम, इट वॉज गॉन. नॉट क्लिअर. इन माय टाऊन, वुई ऑलवेज मेक क्लिअर अगेन. फ्री."

"फ्री," त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. "माझ्या देशात लोक या कामासाठी तुरुंगात जातात. आणि तुम्ही पैसेसुद्धा घेतले नाहीत!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मोझा आईसाठी अरबीत सांगत होती, मला इंग्रजी जमेल तसं कळत होतं. शिल्पकारानं मूर्ती मातीत केली, तिची प्लास्टरची प्रत घेतली. त्या प्लास्टरवरून त्याच्या हयातीत, त्याच्या नजरेखाली ब्राँझ ओतले गेले. त्या पहिल्या मूर्ती. तो वारल्यावर ओतणाऱ्या कारखान्याकडे साचे राहिले. कारखाना त्या साच्यांतून वर्षानुवर्षं ओतत राहिला, ओतणाऱ्यांची पोरंही ओतत राहिली. पुढे ज्यांच्याकडे साचेच नव्हते त्यांनी विकत घेतलेल्या ब्राँझवरूनच साचे काढले, आणि त्यातून निघालेल्या ब्राँझवरून आणखी कोणी. आता जगभर हा घोडेस्वार आहे, कुणाला नक्की किती ते माहीत नाही. मग ओळखायचं कसं? ब्राँझ थंड होताना आवळतं. म्हणून मूर्तीवरून काढलेली मूर्ती मूळच्यापेक्षा लहान होते. हातभर मूर्ती असेल तर एका पिढीत नखाएवढा फरक पडतो. आणि प्रत्येक वेळी बारकावे बोथट होतात.

मला हे सांगायची गरज नव्हती. शाडूसुद्धा वाळताना आवळतो. आमच्या आळीत एका नावाजलेल्या कारखान्याचा बैठा गणपती दुसऱ्यानं उचलला, त्याच्यावरून तिसऱ्यानं, आणि प्रत्येक घरात तो थोडा थोडा लहान होत गेला. चौथ्या घरातल्या मूर्तीकडे बघून वडील म्हणत, "हा त्या गणपतीचा पणतू." मला सगळं माहीत होतं. फक्त या घोडेस्वाराकडे बघताना ते आठवलं नाही, कारण मी त्याला आमच्या पाटावरची मूर्ती समजलो. पेणला गणपती दीड दिवसाचा किंवा दहा दिवसांचा. तेवढ्या दिवसांत तो सुंदर दिसला पाहिजे. त्याला कोणी तुझा जन्म कुठला, तुझ्या आधी कोण, असं विचारत नाही. या घोडेस्वाराला विचारणार होते.

बाई म्हणाल्या, "ती पुसट सही म्हणजे या मूर्तीचा जन्मदाखला होता. किती साच्यांतून आली ते ती सांगत होती. पिसांवरून मला कदाचित कुठल्या कारखान्यातून निघाली तेही शोधता आलं असतं. आता नाही येणार."

"कॅन आय मेक लाइक बिफोर?" मी विचारलं. विचारल्याबरोबर लाज वाटली. कोरलेलं कोणी बुजवून पुन्हा झिजलेलं करू शकत नाही. त्यांनी मान हलवली, मऊपणानं, आणि तेच जास्त लागलं. माझ्या आयुष्यात मी बिघडवलेली कामं पुष्कळ आहेत, त्यांतली बहुतेक पुन्हा करून दिली. हे एकच असं की ज्यात माझा हात चांगला चालला म्हणून नुकसान झालं.

बाई मग मोझाला म्हणाल्या की अहवालातली ती ओळ त्या बदलतील. कुटुंबानं फसवलं नाही, एका कारागिराच्या गैरसमजातून झालं, असं लिहितील. यजमानांचं नाव निर्मळ आहे. त्यांनाही दुकानदारानं असली म्हणून विकली असेल, ते बिचारे काय करणार?

मोझानं हे आईला सांगितलं. मला वाटलं, सुटलो. इक्बालभाईंनी इतक्या वेळात पहिल्यांदा चहाचा घोट घेतला.

उम्म राशिद मात्र हसल्या नाहीत. त्या अरबीत बोलायला लागल्या, सावकाश, फ्रेंच बाईंकडे बघून. मोझा दोन वाक्यं इंग्रजीत करून थांबली आणि आईकडे बघत राहिली. "मम्मा?" म्हणाली. उम्म राशिदनी हातानं तिला पुढे सांगायची खूण केली. तिचा चेहरा लाल झाला होता, तिला ते पुढे सांगवेना. तेव्हा उम्म राशिद माझ्याकडे वळल्या आणि हिंदीत बोलल्या.

"मेरा आदमी पहला दिन बोला था. ये नकल का नकल है, दुकानवाला सच बोला, सस्ता दिया. मेरे को इसका कान अच्छा लगा, बोला. हमारा घोड़ी का कान ऐसा था, पुराना टाइम में. बस, इसके वास्ते लाया."

त्यांनी डोक्यावरचा शेला पुढे ओढला.

"वो मर गया. अज़ा में, मातम में लोग बैठा, उसका भाई बोला, बीमार आदमी पैरिस गया, दवा नहीं लाया, खिलौना लाया. सब लोग हँसा. मेरे को गुस्सा आया. मैं अंदर, औरत लोग का कमरा से बोला, खिलौना नहीं, असली है, बड़ा उस्ताद का हाथ का है. फिर सब लोग वही बोला. बारह साल. अभी तुम उस्ताद, दुबई से आया, अपना रोटी हाथ में ले के आया, मैंने किया बोला. तो मैं क्या, चुप बैठेगी?"

मोझा रडत होती. इक्बालभाई खाली गालिच्याकडे बघत होते. माझ्या मनात आलेलं सांगतो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. तिथे तशी रीत नाही, म्हणून बसून राहिलो. माझी चूक अडाणीपणाची होती, सांगायला सोपी. त्यांनी स्वतःच्या मुलीसमोर जे सांगितलं ते सांगायला कोणी भाग पाडलं नव्हतं. बाईंनी आत्ताच त्यांना सुटायची वाट काढून दिली होती. त्या वाटेवर फसवणारा एक परका दुकानदार ठरत होता, ज्याला इथे कोणी ओळखत नव्हतं. तेवढंही त्यांना नको होतं, कारण तो दुकानदार खरं बोलला होता.

फ्रेंच बाईंनी भिंग गळ्यातून काढून हातात घेतलं, उगाच पुसलं. मग म्हणाल्या, "मी ही मूर्ती ठेवणार. अशा नकला शेकड्यांनी आहेत, पण त्यांच्याबरोबर कोणी खरं सांगायला येत नाही. हिच्याबरोबर तीन माणसं आलीत." तिसरा कोण ते मला क्षणभर कळलं नाही. इक्बालभाईंनी मघाशी मध्येच आपल्या खोट्या कसमेची कबुली इंग्रजीत देऊन टाकली होती. मी माझ्याच घोरात होतो, मला ऐकूच आलं नव्हतं.

पाटीवर सगळं लिहावं लागेल, बाई म्हणाल्या. कधीची, कशी, आणि सही कोणी कोरली तेही. त्यांनी वही काढून माझं पूर्ण नाव आणि वर्कशॉपचं नाव विचारलं. इक्बालभाईंनी माझा गुडघा दाबला. पाटी मालकाच्या वाचनात येणार, हे उघड होतं.

"नाम नहीं," उम्म राशिद म्हणाल्या. मग मोझाला अरबीत काही सांगितलं आणि मोझानं ते बाईंना सांगितलं. बाईंनी जरा विचार करून वही मिटली.

माझी नोकरी राहिली. त्यानंतर बरीच वर्षं मी तिथे काम केलं, मुलींची शिक्षणं झाली, लग्नं झाली. त्या दिवसापासून मात्र जुनी वस्तू दुरुस्तीला आली की मी आधी विचारायला लागलो, उघडू का राहू देऊ? गिऱ्हाइकं बुचकळ्यात पडायची. एक जण म्हणाला, "मिस्तरी, तुम को मालूम होना चाहिए ना!" आता पेणला परत आल्यावर भावाच्या कारखान्यात कधी बसतो, तेव्हा पोरांना नक्षी उघडायला मीच शिकवतो. गणपतीला ते हवंच. पण कुणी जुन्या देवघरातला पितळी बाळकृष्ण उजळायला आणला आणि त्याचे नाक-डोळे चार पिढ्यांच्या बोटांनी झिजलेले असले, तर मी नुसता चिंचेनं घासून परत देतो. भाऊ म्हणतो, गल्फमध्ये राहून आळशी झाला.

प्रदर्शन महिन्याभरानं भरलं. उम्म राशिदनी आम्हा दोघांना निरोप पाठवला होता. शुक्रवारी दुपारनंतर आम्ही गेलो. एक लांबट खोली, तीन-चार काचेची कपाटं आणि मधोमध, कपाटाबाहेर, घोडेस्वार. उम्म राशिद त्यांच्या दिराला घेऊन आल्या होत्या. त्याला त्यांनी पाटीसमोर उभं केलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. तो वाचून पुढच्या कपाटाकडे गेला.

पाटी अरबी आणि इंग्रजीत होती. इंग्रजी मला सावकाश लागलं असतं, पण उम्म राशिद माझ्याजवळ, चार हात सोडून, येऊन उभ्या राहिल्या आणि अरबीतलं वाचून हिंदीत सांगायला लागल्या. कुणी केला, कधी केला. ही त्याच्या हातची नाही, नंतरची, नकलेवरून केलेली. घोड्याचे कान मालकाला आवडले म्हणून घेतली. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग शेवटची ओळ.

"और नीचे जो नाम लिखा है," त्या म्हणाल्या, "वो बाद में कोई दूसरा हाथ ने काटा."

त्या दुसऱ्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होतो.